दोघांनी केव्हा धरावे?

मुलांनो, जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर तुम्ही कबड्डी पाहिली असेल. चढाई करणारा एकटा. समोर जास्तीत जास्त सात जण. मग सर्वांनी एकदम झडप घालावी का? माझ्या मते, नाही. पकडीतूनही तो मध्यरेषेला पोहोचला, तर त्याला धरणारे सगळेच बाद होतात! म्हणून घाई करू नका. तो कोपऱ्यात खोल शिरला, त्याची पाठ वळली, की एकाने घोटा धरावा आणि साखळीतल्या जोडीदाराने कंबर. जोडीदार दूर असेल, तर हात आवरावा.

बास्केटबॉलमध्येही हाच हिशेब आहे. पाचांपैकी दोघे एकालाच घेरायला गेले, तर उरलेल्या तिघांना चौघे सांभाळावे लागतात. एकजूट हवीच, पण वेळ ओळखणारी एकजूटच सामना जिंकते.