टायमिंग बेल्ट कधी, कुठे बदलाल?

शेतकरी बंधूंनो, पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला तर गिरणी नुसती थांबते. मोटारीचा टायमिंग बेल्ट तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि मोठा खर्च उभा राहतो. हा रबरी पट्टा बहुधा सूचना देत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकातले किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल तेव्हा तो बदला. उभ्या गाडीतही रबर जुने होतेच. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. आधी खात्री करा.

मुरबाडहून ठाण्यात खोपटला गेलात, तर घाईत पहिलेच गॅरेज गाठू नका. हेच इंजिन पूर्वी उघडले आहे का, टेन्शनरही बदलणार का, हे विचारा. जुना पट्टा परत मागा. हंगामाआधीच काम उरका.