एक निर्माती आणि आमचें घर

चित्रपटाविषयीं या सदरांत कांहीं लिहावें, हें आमच्या जुन्या वाचकांस रुचेल किंवा नाहीं, याची आम्हांस शंकाच आहे. आमचा पिंड अमरकोशावर आणि रूपावलीवर पोसलेला. सारें आयुष्य मुलांकडून विभक्ति पाठ करून घेण्यांत गेलें. औंढा नागनाथासारख्या क्षेत्राच्या गांवीं नटनट्यांची चर्चा आमच्या वडिलांनीं ओसरीवर कधीं चढूं दिली नाहीं. तथापि परवां सुनांमध्यें कै. स्मिता तळवलकर यांच्याविषयीं बोलणें निघालें, आणि या बाईंचें आमच्या घरावर एक ऋण आहे, तें आजवर कोठें नोंदलें नाहीं, असें मनांत आलें. म्हणून हा प्रपंच.

निर्माता म्हणजे नेमकें कोण, असें आमच्या सौ.नीं आम्हांस एकदां विचारलें होतें. पडद्यावर नट दिसतो, दिग्दर्शकाचें नांव मोठ्या अक्षरांत येतें; मग हा निर्माता करतो तरी काय? आम्हीं त्यांस यज्ञाचा दृष्टांत दिला. मंत्र ऋत्विज म्हणतात. परंतु संकल्प सोडतो तो यजमान. समिधा, तूप, दक्षिणा, सर्वांचीं जेवणें, हें सारें त्याच्या शिरावर. आणि यज्ञ अर्धवट राहिला तर दोषही त्याचाच. कथा निवडणें, पैसा उभा करणें, माणसें जमविणें, त्यांची मजुरी चुकती करणें आणि शेवटीं चित्रपटगृहवाल्यांच्या दारीं जाणें, हें निर्मात्याचें काम. त्यांतून मालिका असेल तर हा यज्ञ संपतच नाहीं. चित्रपट एकदां पुरा झाला कीं माणूस सुटला; मालिकेचा भाग मात्र ठरल्या वेळीं द्यावाच लागतो, मग घरांत सुतक असो वा नट आजारी असो.

मराठी माणसास हा व्यवसाय नवा नाहीं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, शास्त्र्याच्या घरचे. (त्र्यंबकेश्वर हें ज्योतिर्लिंग, आणि आमचें औंढाही येथील श्रद्धेप्रमाणें आठवें ज्योतिर्लिंग, म्हणून त्यांच्याविषयीं आम्हांस उगाच आपलेपणा वाटतो.) १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविल्यानंतर त्यांनीं चित्रपटांची रांगच लावली, पण त्यांचा पडदा बहुतेक देवादिकांचा. व्ही. शांताराम यांनीं १९३७ सालीं ‘कुंकू’ काढून तो माजघरापर्यंत आणला. स्मिताबाई त्याच माजघरांत ठाण मांडून बसल्या.

त्यांचा जन्म १९५४ सालचा. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या म्हणून महाराष्ट्रास त्यांची ओळख झाली. पुढें ‘अस्मिता चित्र’ ही संस्था काढून १९८९ सालीं त्यांनीं ‘कळत नकळत’ दिला, आणि त्या पहिल्याच चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. १९९१ सालीं ‘चौकट राजा’, १९९३ सालीं ‘सवत माझी लाडकी’ (याचें दिग्दर्शनही त्यांचेंच), १९९८ सालीं ‘तू तिथे मी’, २००४ सालीं ‘सातच्या आत घरात’. शिवाय ‘पेशवाई’, ‘ऊन पाऊस’, ‘अवंतिका’ अशा मालिका. ६ ऑगस्ट २०१४ रोजीं त्या कर्करोगानें गेल्या; साठीही पुरी झाली नव्हती.

नवऱ्याचें मन बाहेर गुंतणें, बुद्धीनें अपुरें राहिलेलें मूल, सवत, म्हातारपण, रात्रीं घराबाहेर असलेली मुलगी. ज्या गोष्टी आपण दार लोटून हलक्या आवाजांत बोलतों, नेमक्या त्याच या बाईंनीं उचलल्या. ‘चौकट राजा’ मध्यें दिलीप प्रभावळकरांनीं उभा केलेला नंदू पाहून आमच्या आत्याबाई कोणाशीं न बोलतां उठून गेल्या. त्यांच्या घरीं तसाच एक मुलगा होता, आणि पाहुणे आले कीं त्यास मागच्या खोलींत बसवीत.

मालिकांविषयीं मात्र आमची तक्रार आहे. ‘अवंतिका’ घरांतील बायकांस फार आवडे, आणि तींतील मृणाल कुलकर्णी यांचें काम चांगलें होतें हें आम्हांसही मान्य. परंतु भागामागून भाग काढतांना कथेंत पाणी पडतेंच. ताक कितीही चांगलें असलें तरी पाहुणे वाढले कीं तें पातळ होणार. आमच्या घरीं मुलें शुभंकरोति घाईनें उरकूं लागलीं तींही याच मालिकांच्या दिवसांत.

ऋण आहे तें ‘तू तिथे मी’ या चित्रपटाचें. त्या सुमारास धाकटे बंधु परभणीस नोकरीला होते. पतिपत्नी दोघेंही कामावर जात, मूल लहान. तेव्हां आई तिकडे राहावयास गेली. अण्णा आमच्याकडे औंढ्यास. यांत कांहीं वावगें आहे असें कोणासच वाटलें नाहीं. औषधें, खर्चाचे पैसे, सणावारीं येणेंजाणें, सर्व व्यवस्थित होतें. अण्णांस विचारावें असें सुचलें नाहीं; विचारलें असतें तर ‘तुम्ही ठरवाल तें’ एवढेंच ते म्हणाले असते. तीन वर्षें अशीं गेलीं.

एका रविवारीं दुपारीं तो चित्रपट दूरदर्शनवर लागला. मोहन जोशी आणि सुहास जोशी यांनीं त्यांत नवराबायकोचीं कामें केलीं आहेत. घरच्या जबाबदाऱ्यांत सारें आयुष्य गेलें, दोघांनीं निवांत बोलावयास सवड म्हणून मिळाली नाहीं; आणि आतां कोठें सवड झाली, तों मुलांच्या सोयीकरितां दोघांची दोन घरीं वांटणी होते. त्या वयांत एकमेकांस भेटण्याची त्यांची धडपड पाहून घरांतलीं मुलें हसलीं. प्रथम आम्हीही हसलों. अण्णा मागें भिंतीस टेकून सुपारी कातरीत होते. मध्येंच केव्हां तरी अडकित्त्याचा आवाज थांबला. आम्हीं वळून पाहिलें नाहीं. तें धैर्य झालें नाहीं, असें म्हणणें अधिक खरें. नामदेवांकरितां येथलें देऊळच फिरलें, अशी आमच्या गांवची कथा आहे, आणि यात्रेकरूंस ती आम्हीं शेंकडों वेळां सांगितली असेल. पण घरांतील माणसाकडे मान फिरविणें त्या दिवशीं आम्हांस जमलें नाहीं.

चित्रपट संपल्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. सौ.नीं चहा टाकला. अण्णा नित्याप्रमाणें देवळांत गेले, आरतीनंतर परतले, जेवले. अंथरुणावर पडतांना त्यांनीं विचारलें, “परभणीची पहिली गाडी किती वाजतां असते रे?”

दुसऱ्या दिवशीं पहिल्या गाडीनें आम्हीही त्यांच्याबरोबर गेलों. चार दिवसांनीं आईस घेऊन दोघें औंढ्यास आलीं. परभणीचें मूल पाळणाघरांत ठेवावें लागलें, त्याचा खर्च बंधूंस जड गेला, आणि ते वर्षभर आमच्याशीं धड बोलले नाहींत. त्यांचा राग सर्वस्वीं चुकीचा होता, असें आम्ही आजही म्हणणार नाहीं.

त्यानंतर आई आणि अण्णा सात वर्षें या घरांत एकत्र राहिलीं. सुपारी जाड कातरली म्हणून आई रोज कुरकुर करी, आणि अण्णा ती रोज जाडच कातरीत.