लाईन कधी येणार?



हिवाळ्यात गारा पडून लाईन गेली की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर काय होतं, ते आपण सगळ्याच जाणतो. पाच मिनिटांत पहिला मेसेज येतो, ‘तुमच्याकडे आहे का?’ दहा मिनिटांत दुसरा, ‘कोणाकडे लाइनमनचा नंबर आहे का?’ मग तो नंबर येतो आणि तीस-चाळीस घरांतून एकाच माणसाला फोन सुरू होतात. मला आज या फोनांबद्दल लिहायचं आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हे वादळ नवीन नाही. उत्तरेकडून थंड कोरडी हवा येते, बंगालच्या उपसागरावरून बाष्प येतं, दोन्ही आपल्या डोक्यावर भेटतात आणि माघ-फाल्गुनात आषाढासारखा गडगडाट होतो. 2014 चा फेब्रुवारी-मार्च आठवा, 2018 चा फेब्रुवारी आठवा. विदर्भ-मराठवाड्यात गारांचा खच पडला होता. असं झालं की घाटे भरलेला हरभरा आणि उभा गहू आडवा होतो, आर्वी-कारंजाकडच्या संत्र्याच्या बागांत झाडाखाली सडा पडतो. आपण बऱ्याच जणी व्यापाऱ्यांच्या घरच्या. ते नुकसान आपल्याला चार दिवसांनी बाजारात दिसतं. वीज गेलेली मात्र त्याच क्षणी कळते.

खरं तर लाईन गेली तर आपल्या घरांचं फारसं अडायला नको. सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपलेली, ओटा पुसलेला, चौविहार घेतलेला. उकळलेलं पाणी हंड्यात भरलेलं असतं, हिवाळ्यात ते चार प्रहर चालतं. (अवकाळी पाऊस पडला तर पावसाळ्याचे तीन प्रहर धरायचे की हिवाळ्याचेच चार, यावर आमच्या सासूबाई आणि शेजारच्या काकू दरवर्षी वाद घालतात. यंदाही निकाल लागला नाही.) प्रतिक्रमण अंधारातही पाठ म्हणता येतं. आपल्या महासतीजी तर स्थानकात दिव्याशिवायच राहतात. म्हणजे संध्याकाळी सातनंतर अंधार झाला तर सगळ्यांत कमी अडचण आपली व्हायला हवी. तरी फोन करण्यात आपण मागे नसतो. गीझर, वायफाय, मालिका, मुलांचा अभ्यास, कारणं असतातच. बारावीची परीक्षा फेब्रुवारीतच असते, हे मला मान्य आहे.

फोन पलीकडे कुठे वाजतो, ते आमच्या गल्लीत यंदा बघायला मिळालं. दुपारी चारला आभाळ भरून आलं, साडेचारला बोराएवढ्या गारा. पोरं वाट्या घेऊन अंगणात धावली, आणि गार तोंडात टाकायची नाही, गारा बावीस अभक्ष्यांत येतात, म्हणून सासूबाई त्यांच्या मागे. लाईन तेव्हाच गेली. रात्री साडेआठच्या सुमारास टॉर्च घेतलेले दोन लाइनमन गल्लीच्या तोंडाशी आले. एक पन्नाशीचा, एक पोरगेलासा, कंत्राटावरचा. पाऊस भुरभुरत होता, वारा बोचत होता. शिडी लावून पोरगा खांबावर चढला आणि त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला. वर पोहोचेपर्यंत सहा वेळा तरी वाजला असेल. त्याचे दोन्ही हात खांबाला. खाली उभा असलेला म्हातारा ओरडला, “घेऊ नको रे, वाजू दे!” गल्लीतल्या ओट्यावरूनही आवाज येतच होते, “अजून किती वेळ?”, “बिल काय फुकट भरतो का?”

आवाज आपल्याच घरांतले होते. अशा घरांतले, जिथे पाणी गाळून झाल्यावर गळणं कसं धुवायचं हे सुनेला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि पतंग जळू नये म्हणून दिव्यावर काच ठेवतात.

वीज म्हणजे सचित्त तेउकाय आहे की नाही, यावर आपल्यात एकमत नाही. स्थानकवासी परंपरेत ती सचित्त मानून साधू-साध्वी तिच्यापासून दूर राहतात, तर तेरापंथाच्या आचार्य महाप्रज्ञांनी ती अचित्त असल्याचं मांडलं. हा वाद जाणत्यांनी करावा. पण खांबावर चढलेला माणूस पंचेंद्रिय आहे, यात तर कोणाचा वाद नाही ना?

आपल्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतो. जिवाला बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि वेळेवर खाणंपिणं न मिळू देणं. शेवटचे दोन, अतिभार आणि भक्तपानविच्छेद, आपण बैलाच्या आणि घोड्याच्या हिशेबाने शिकलो. आता दारात बैल नाही. पाठशाळेत हे अतिचार शिकवताना बैलगाडीचं चित्र काढतात, ते बदलून शिडीचं काढायला हवं असं मला वाटतं. दुपारपासून उपाशी, ओल्या कपड्यांत, एका माणसावर आठ-दहा गावं, आणि त्यात ‘अजून किती वेळ’चे शंभर फोन, याला अतिभार नाही तर काय म्हणायचं?

लाईन यायला वेळ का लागतो, तेही कळून घेतलं पाहिजे. वाऱ्याने फांदी तारेवर पडते, दोन तारा एकमेकींना घासतात, वीज कोसळून चिनी मातीचा इन्सुलेटर तडकतो. तडा जमिनीवरून दिसत नाही. मग अकरा हजार व्होल्टच्या लाईनखालून, काळ्या चिखलातून, एक-एक खांब टॉर्चने बघत जावं लागतं. दोष सापडला तरी लगेच हात लावता येत नाही. आधी सबस्टेशनमधून लाईन बंद करून घ्यायची, ती मेली आहे याची खात्री करायची, काम चालू आहे त्याच्या दोन्ही बाजूंनी तारा जमिनीला जोडायच्या, मग चढायचं. हे सगळं नीट केलं तर अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. घाई केली तर तो वाचतो. आपण फोनवर ओरडतो तेव्हा त्याच्याकडून नेमका हाच अर्धा तास मागत असतो.

त्या म्हाताऱ्याने पोराला वर चढवण्याआधी गल्लीत एकच गोष्ट विचारली होती, “कोनाच्या घरी जनरेटर तं नाही ना सुरू?” दोन घरांत होता. एका घरी तर दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनरेटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला. असं केलं की वीज घरापुरती राहत नाही. मेन स्विच चालू राहिला तर ती मीटरमधून उलटी डीपीकडे जाते. डीपी अकरा हजार व्होल्टचे आपल्यासाठी दोनशे तीस करते. उलटी वीज आली तर तीच डीपी दोनशे तीसचे हजारो करते, आणि बंद समजून हातात घेतलेली तार जिवंत होते. यावर उपाय चेंजओव्हर स्विच. तो एकतर बाहेरची लाईन जोडतो नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम नाही. छतावर सोलर बसवलेल्या काही जणी विचारतात, ऊन असून लाईन गेली की आमचं सोलरही का बंद पडतं? त्यामागेही हेच कारण आहे. लाईनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ते आपोआप बंद होतं. सोलरच्या यंत्रात जयणा बसवून दिलेली आहे. जनरेटरची जयणा आपल्यालाच ठेवावी लागते.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यावर आमच्या मंडळात दोन मतं पडली. जंपर जोडून पोरगा खाली उतरला तेव्हा साडेनऊ झाले होते. हात थरथरत होते. सासूबाई, ज्यांनी गेल्या चाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट घेतलेला नाही, त्या डब्यातले खाकरे आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन ओट्यावर गेल्या. मग परत आत येऊन त्यांनी गॅस पेटवला आणि दोघांसाठी चहा टाकला. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, की रात्री स्वतः खाणं नाही तसं दुसऱ्याला खाऊ घालणंही नाही, मग हे कसं? सासूबाई म्हणाल्या, “व्रत मी घेतलंय. त्या पोराने नाही घेतलं. तो माझ्यामुळे उपाशी होता.”

काकूंचा मुद्दा शास्त्राला धरून आहे, तो मी हलका मानत नाही. रात्री चूल पेटवली की जीव जातात, म्हणूनच ती विझवायची असते. पण माझं मत सासूबाईंच्या बाजूने आहे. आपल्या घरी उजेड यावा म्हणून ज्याचं दुपारपासूनचं जेवण राहिलं, त्याला आपल्या नियमाचं कारण सांगून दारातून रिकामा पाठवणं, हा मला मोठा दोष वाटतो. ज्यांना रात्री गॅस पेटवणं अगदी नको वाटतं, त्यांनी दिवसा केलेलं कोरडं खाणं आणि पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवावा. तेवढ्याने अर्धा वाद मिटतो.

याचा अर्थ तक्रार करूच नये असा नाही. कोणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, कोणी बाळंतीण आहे, तार तुटून रस्त्यावर पडली आहे, तर लगेच 1912 ला फोन करायचा आणि तेच आधी सांगायचं. बाकी वेळी एका गल्लीतून एक तक्रार पुरते. त्यात कामाचं सांगावं: ठिणगी कोणत्या खांबावर दिसली, आवाज कुठून आला, फांदी कुठे पडली. त्या माहितीने त्याची दोन किलोमीटरची पायपीट वाचू शकते. ‘कधी येणार’ने काहीच वाचत नाही. आणि त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर तर नाहीच.

आणखी एक. शहरातली लाईन आधी येते, शेताची सर्वांत शेवटी. एरवीही कृषिपंपांना थ्री फेज बरेचदा रात्रीची मिळते आणि माणसं कडाक्याच्या थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला जातात. आपल्या दुकानात येणारी तूर आणि हरभरा त्यांच्याच हातचा. चार तासांच्या अंधारावर बोलताना एवढं तरी लक्षात राहावं.

4 मार्चला लाइनमन दिवस असतो. गेल्या काही वर्षांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो साजरा करतं. यंदा आपल्या मंडळाने त्या दिवशी सबस्टेशनवर जाऊन रेनकोट आणि चांगले टॉर्च द्यावेत असा विषय मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. सत्कार, शाल, फोटो नको. आणि त्याआधी, आपापल्या गल्लीत कोणाकोणाकडे जनरेटर आहे आणि कोणाकडे चेंजओव्हर नाही, एवढी यादी प्रत्येकीने करून आणा.