आधी आठवड्याचा चार्ट उघडा, मग पंधरा मिनिटांचा

बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "सर, १५ मिनिटांच्या चार्टवर बिटकॉइन मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या वर गेलाय, घेऊ का?"

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे मागच्या ठरावीक बंद भावांची सरासरी, पुढे पुढे सरकणारी. १५ मिनिटांच्या चार्टवर २० ची सरासरी फक्त पाच तासांचं सांगते. आठवड्याच्या चार्टवर तीच २० ची सरासरी साडेचार महिन्यांचं. एका सकाळी गल्ला भरला म्हणून आपण लगेच दिवाळीचा माल भरतो का? म्हणून आधी मोठा चार्ट. तो खाली चाललाय आणि छोटा वर, तर मी हात लावत नाही.

अर्थात मोठी सरासरीही मागूनच येते. नोव्हेंबर २०२१ ला बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होता. ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या खाली गेली जानेवारी २०२२ मध्ये, तोवर भाव ४३,००० च्या आसपास! आणि मार्च २०२० मध्ये हीच खूण दिसली, तेव्हा भाव उलट वर्षभरात कैक पट वाढला.

त्यात आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. ठरावीक रकमेपुढे प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. तो रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला जातो हो, पण दिवसाला चार सौदे केले तर तोवर भांडवल अडकतं. होलसेलवाला तोपर्यंत थांबणार आहे का?