शेवटच्या बालकापर्यंत लस : आपला वैद्यधर्म

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरी, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात शिष्यांसह फिरताना भगवान आत्रेय अग्निवेशाला जनपदोद्ध्वंसाची पूर्वचिन्हे दाखवितात. त्या प्रसंगी ते प्रथम जे सांगतात ते चिकित्सेविषयी नसून पूर्वतयारीविषयी आहे. भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे वीर्य शाबूत आहे तोवरच त्या गोळा करून ठेवाव्यात, असा त्या उपदेशाचा आशय आहे. प्रकृती, आहार, बल आणि वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात, हा प्रश्न अग्निवेश त्यानंतर विचारतो. वायू, उदक, देश आणि काल या सर्वांना समान असलेल्या भावांच्या विकृतीत आचार्य त्याचे उत्तर शोधतात.

ज्या व्याधी सर्वांना समान कारणाने गाठतात त्यांच्यापासूनचे रक्षणही सर्वांपर्यंत समान पोहोचले पाहिजे, हा त्या अध्यायातून निघणारा बोध आहे, असे आम्ही मानतो. आजच्या काळात त्याची कसोटी लसीकरणाच्या क्षेत्रात लागत आहे. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेने विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला. त्यानंतरच्या ५० वर्षांत लसींमुळे सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचले, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याच २०२४ या वर्षी जगातील सुमारे १ कोटी ४३ लाख बालकांना कोणत्याही लसीची एकही मात्रा मिळाली नाही. लस अस्तित्वात असणे आणि ती बालकाच्या दंडापर्यंत पोहोचणे, यांतील अंतर किती मोठे आहे, हे या दोन आकड्यांवरून कळते.

हे अंतर तोडता येते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या पुण्याशी निगडित आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा जो पट्टा पसरला आहे, तेथे मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, कोरड्या ऋतूत साथीच्या रूपाने येत असे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० दगावले. 'अ' गटाच्या जंतूविरुद्ध टिकाऊ लस तयार करणे शास्त्रदृष्ट्या अशक्य नव्हते. पण ती विकत घेणारे देश दरिद्री असल्याने मोठ्या कंपन्यांना त्यात स्वारस्य नव्हते. मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत असेल तरच आम्हांस परवडेल, असे आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी एकत्र येऊन प्रकल्प उभारला. किंमत आधी ठरली आणि तिच्यात बसेल अशी लस नंतर घडविली गेली. तंत्र अमेरिकेतील शासकीय प्रयोगशाळेचे होते आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे 'मेनआफ्रिव्हॅक' देण्यास प्रारंभ झाला. आजवर ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली असून २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाच्या मेनिंजायटिसचा एकही निश्चित रुग्ण आढळलेला नाही.

या यशात आणखी एक बारकावा आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. जेथे वीज नाही, बर्फ नाही आणि गावापर्यंत धड रस्ता नाही, तेथे शीतसाखळी तुटते आणि लसही तेथेच थांबते. ही लस मात्र ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत ४ दिवस टिकू शकते, हे तपासून तशी मान्यता घेण्यात आली आणि २०१२ साली बेनिन देशात ती त्या पद्धतीने वापरली गेली. बर्फाच्या पेटीचे ओझे उतरल्यामुळे आरोग्यसेवकास दूरच्या वस्तीपर्यंत जाणे सुकर झाले. देश आणि काल यांचा विचार करून औषध योजावे, हे आपल्याला नवे सांगावे लागत नाही. येथे तो विचार लसीच्या बाबतीत झाला एवढेच.

याच्या उलट अनुभव कोविडच्या काळात आला. २०२१ च्या उत्तरार्धात श्रीमंत देशांत तिसरी मात्रा देण्यास सुरुवात झाली, तेव्हा आफ्रिकेतील बहुसंख्य जनतेस पहिलीही मिळालेली नव्हती. सर्व देशांना न्याय्य वाटा मिळावा म्हणून स्थापन झालेली 'कोव्हॅक्स' ही योजना पुण्यात तयार होणाऱ्या लसीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होती. त्या वर्षीच्या वसंतात भारतात दुसरी लाट उसळली, देशातच लस अपुरी पडू लागली आणि निर्यात थांबली. ती नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. आपल्या घरात आग लागली असता पाणी आधी आपल्या घरावरच ओतले जाणार, यासाठी आम्ही कोणास दोष देत नाही. दोष एवढाच, की साऱ्या आळीने एकाच विहिरीवर भरवसा ठेवला होता. औषधी आधी गोळा करून ठेवाव्यात, हा आत्रेयांचा उपदेश जगाने ऐकला असता, तर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतही उत्पादनाची केंद्रे साथीपूर्वीच उभी राहिली असती. आता तर आर्थिक आधारही डळमळीत होत आहे. गरीब देशांना लसी पुरविण्यासाठी २००० साली स्थापन झालेल्या 'गावी' या संस्थेस यापुढे निधी देणार नाही, असे अमेरिकेने जून २०२५ मध्ये जाहीर केले. साथ दृष्टिआड झाली की तिच्यावरील खर्च निरर्थक वाटू लागतो. प्रतिबंधाचे हे जुनेच दुर्दैव आहे.

हे सर्व दूरदेशीचे झाले. आपल्या अंगणात काय आहे? जगाला लस पुरविणाऱ्या आपल्या देशात २०२४ मध्ये एकही मात्रा न मिळालेली सुमारे ९ लाख बालके होती. आदल्या वर्षी ही संख्या सुमारे १६ लाख होती, म्हणजे प्रगती निश्चितच झाली आहे. तरीही ९ लाख हा आकडा लहान नव्हे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराची साथ आली व त्यात बालके दगावली. गोवराची साथ रोखण्यासाठी शंभरातील ९५ बालकांना दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक असते. कोविडच्या काळात त्यात पडलेली खिंडारे त्या साथीने दाखवून दिली. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. मूल नऊ महिन्यांचे होते तेव्हा ते कारखान्याच्या फडावर असते. कार्ड गावी राहते आणि मात्रा चुकते. पुणे आणि बुर्किना फासो यांतील अंतर आपण तोडले. पुणे आणि उसाचा फड यांतील अंतर अद्याप पुरते तुटलेले नाही.

हे अखेरचे अंतर केवळ रस्त्याचे नसते, ते विश्वासाचेही असते. पोलिओच्या मोहिमेत उत्तर प्रदेश व बिहारमधील संशयी कुटुंबांची दारे उघडली, ती त्यांच्याच वस्तीतील विश्वासू माणसांनी आणि धर्मगुरूंनी समजूत घातल्यावर. जानेवारी २०११ मध्ये देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. खेड्यापाड्यांत आणि शहरांच्या वस्त्यांत असा विश्वास ज्यांच्यावर ठेवला जातो, त्यांत आपण वैद्य आहोत. म्हणूनच आपले बोलणे आणि आपले मौन, दोन्हींना वजन आहे.

येथे स्वकीयांशी थोडे स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. सुवर्णप्राशनास 'आयुर्वेदिक लसीकरण' म्हणणाऱ्या पाट्या काही ठिकाणी लागलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. 'आम्ही दर पुष्य नक्षत्राला थेंब देतो, मग आता सुई कशाला?' असे विचारणारी माताही आपल्यापैकी अनेकांस भेटली असेल. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात मेधा, अग्नी आणि बल यांच्या वृद्धीसाठी सांगितलेल्या या विधीविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि गोवर, घटसर्प, धनुर्वात किंवा पोलिओ यांच्या लसीची जागा तो घेऊ शकतो, असा कोणताही पुरावा नाही. सर्वसाधारण बल आणि विशिष्ट व्याधीविरुद्धची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुदृढ, सुपोषित बालकासही घटसर्प होतो. त्या मातेस आपण 'चालेल' म्हणालो किंवा नुसते हसून गप्प राहिलो, आणि पुढे त्या बालकास काही झाले, तर त्याचे उत्तरदायित्व आपल्यावरच येईल. शास्त्राचा गौरव त्याला न पेलणारा दावा चिकटवून वाढत नाही.

म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत.

पहिली : पुष्य नक्षत्राच्या दिवशी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक बालकाचे लसीकरण कार्ड मागावे. दरमहा माता स्वतःहून बालकाला घेऊन येते, ही केवढी मोठी संधी आहे! चुकलेली मात्रा आढळल्यास त्याच दिवशी आशा कार्यकर्तीस किंवा जवळच्या उपकेंद्रास कळवावे. ऊसतोड आणि वीटभट्टीवरील कुटुंबांची विशेष चौकशी करावी.

दुसरी : 'लसीकरण' हा शब्द सुवर्णप्राशनाच्या जाहिरातीतून काढून टाकावा. संघटनेच्या शिबिरांच्या पत्रकांपासून याची सुरुवात व्हावी. लसीनंतर येणारा ज्वर, दंडावरची सूज यांविषयी मातेस आधीच समजावून सांगावे. काही गंभीर घडल्यास ते दडवू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. भीती लपवाछपवीने वाढते.

तिसरी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आपले अनेक पदवीधर कार्यरत आहेत. कोणत्या वाडीत कोणत्या कारणाने बालके सुटतात, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही. त्यांनी आपले अनुभव या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावेत.

जागतिक निधी, पेटंट आणि कारखाने यांचे निर्णय आपल्या हाती नाहीत. परंतु दाराशी आलेल्या बालकाचे कार्ड उघडून पाहणे तर आपल्या हाती आहे. येत्या पुष्य नक्षत्रापासूनच आपण त्यास आरंभ करू या.