हायमास्टचं बिल कोण भरणार?

संपादक महोदय,


गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पुस्तिका माझ्या मांडीवर पडली. आमच्या आमदारांचा वार्षिक कार्यअहवाल. बत्तीस पाने, आणि बहुतेक पानांवर साहेब स्वतः: कुठे हातात कुदळ, कुठे नारळ, कुठे कात्री. मी आयुष्यभर ग्रामसेवक म्हणून दप्तर सांभाळलेला माणूस. आकड्यांचा कागद दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. आमच्या गावापुढे चार कामे छापलेली होती. चहा घेतला आणि यादी खिशात घालून निघालो.

सभामंडप उत्तम उभा आहे. गरिबाघरची लग्ने तिथे होतात, त्याचे श्रेय आमदारांना मोकळ्या मनाने देतो. शाळेपुढचे पेव्हर ब्लॉक जागेवर आहेत. ओपन जिमच्या पाच यंत्रांपैकी दोन चालतात, तिसऱ्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. चौकातला हायमास्ट दिवसा पाहून उपयोग नव्हता, म्हणून रात्री पुन्हा गेलो. सहापैकी दोन दिवे लागले होते. पुस्तिकेत मात्र चारही कामांपुढे एकच शब्द आहे, 'पूर्ण'.

माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे. लोकार्पण झाले की आमदारांच्या लेखी काम पूर्ण होते. ग्रामपंचायतीच्या लेखी ते त्या दिवशी सुरू होते. काम हस्तांतरित होते, स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत एक ओळ वाढते, आणि पुढच्या महिन्यापासून विजेचे बिल सरपंचाच्या टेबलावर येऊन पडते. आमदार स्थानिक विकास निधी हा मुळात नवे आणि टिकाऊ काम उभे करण्यासाठी आहे. रोजचे वीजबिल, दिवा बदलणे, रखवालदाराचा पगार यांसाठी तो नाही. नारळ एकाने फोडायचा आणि बिल दुसऱ्याने भरायचे, अशी ही विभागणी आहे.

बिल भरणारा किती सशक्त आहे, हे २०२१ मध्ये दिसले. थकबाकीपायी राज्यातल्या कितीतरी गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली. अखेर ती बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याची मुभा ग्रामपंचायतींना द्यावी लागली. या आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. राहिलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपल्या गरजा भागवायच्या. अशा पैशातून दिव्याचे बिल गेले की अंगणवाडीची गळकी खोली आणखी एक पावसाळा तशीच राहते. या हिशेबाला कोणत्याही कार्यअहवालात पान मिळत नाही.

आता रकमेकडे वळू. महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२० पर्यंत वर्षाला दोन कोटी रुपये होता. तो वाढत जाऊन मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पाच कोटींवर नेण्यात आला. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य धरले, तर वर्षाला १,८३० कोटी रुपये होतात. हा निधी प्रत्येक सदस्याला सारखाच मिळतो. सत्ताधारी असो की विरोधी, बोलका असो की पाच वर्षे तोंड न उघडणारा. तरी आमच्या पुस्तिकेत तोही 'अथक पाठपुराव्यातून खेचून आणला' आहे! खेचून आणायला तो काही विहिरीत पडला नव्हता.

पाठपुरावा लागत नाही असे मी म्हणत नाही. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखालची कामे, जिल्हा नियोजन समितीतला वाटा, बजेटमधला एखादा पूल यांसाठी आमदाराला मंत्रालयाचे जिने चढावे लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच हे पैसे वेगवेगळे दाखवायला हवेत. पुस्तिकेत आमदार निधी, २५१५, जलजीवन मिशन आणि लाडक्या बहिणींच्या खात्यात जमा झालेले दरमहा १,५०० रुपयेसुद्धा एकाच बेरजेत घातले आहेत. वर मोठ्या अक्षरांत शेकडो कोटींचा आकडा. राज्य सरकारची योजना, केंद्राचा वाटा आणि स्वतःची शिफारस यांची अशी मिसळ केली की कुणी नेमके काय केले ते कळत नाही. कदाचित कळू नये अशीच इच्छा असावी.

काही मित्र म्हणतात, हा निधीच बंद करा. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये खासदार आणि आमदार निधी रद्द करण्याची शिफारस केलीच होती. कायदे करणारे आणि खर्चावर लक्ष ठेवणारेच खर्च करू लागले, तर लक्ष कोणी ठेवायचे, हा त्यांचा मुद्दा आजही खोडता येत नाही. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने खासदार निधीची योजना वैध ठरवली. व्यवहारातली बाजूही आहे. ओढ्यावरची फरशी, शाळेची कुंपणभिंत, स्मशानभूमीतले शेड ही कामे कोणत्याच मोठ्या योजनेत बसत नाहीत. ती या निधीतून झालेली मी स्वतः नोंदवली आहेत. त्यामुळे बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हिशेब मात्र नीट द्या, एवढे म्हणायचा हक्क आहे.

तो हिशेब अवघड नाही. नियमाने आमदार काम सुचवतो, प्रशासकीय मान्यता आणि पैसे जिल्हा प्रशासनाकडून येतात, काम दुसरीच यंत्रणा करते. म्हणजे प्रत्येक कामाचा कागद सरकारदरबारी आधीच असतो. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कुणी न मागताही सरकारने जाहीर करायची आहे. आमदारांनी ती फक्त बत्तीस पानांत उतरवायची. कामाचे नाव, निधीचे लेखाशीर्ष, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, ग्रामसभेने मागणी केली होती की नाही, आज ते चालू आहे की बंद, आणि शेवटचा रकाना: पुढची दहा वर्षे त्याचा खर्च कोण आणि कशातून करणार. हा शेवटचा रकाना भरता येत नसेल, तर ते काम सुचवूच नये. गावाला परवडेल असे चार साधे एलईडी दिवे न परवडणाऱ्या हायमास्टपेक्षा जास्त उजेड देतात.

आरोग्य शिबिर, शिलाई मशीन वाटप, दहावी-बारावीचा गुणगौरव हे उपक्रम चांगलेच. पण शिबिरात नंबर काढलेल्या किती आजीआजोबांना पुढे चष्मा मिळाला, हे लिहा. फोटोत मशीन स्वीकारणाऱ्या बाईच्या हाताला पुढे काम मिळाले का, तेही लिहा. आणि सभागृहात वर्षभरात किती प्रश्न विचारले, किती लक्षवेधी मांडल्या, याला अर्धे पान तरी द्या. त्यासाठीच तर आम्ही तुम्हाला विधान भवनात धाडले. कमानी उभारायला आणि पेव्हर ब्लॉक टाकायला आमचे सरपंच पुरेसे होते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ते काम त्यांच्याकडे सोपवलेही होते.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 'आपल्या सूचना कळवा' अशी चार ओळींची चौकट आहे. मी तिच्यात उभी रेघ मारून एक रकाना आखला, वर 'चालवणार कोण?' असे लिहिले, आमच्या गावची चारही कामे त्यात उतरवली आणि पुस्तिका टपालाने परत पाठवली. सभामंडपापुढे 'ग्रामपंचायत, भाड्यातून' असे मी स्वतःच भरले आहे. उरलेल्या तीन ओळी साहेबांसाठी कोऱ्या सोडल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
(जि. सांगली)