घरून काम करता? मग वीजबिल नीट वाचा

घरून नोकरी करणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती. या महिन्याचं वीजबिल आलं की नुसतं भरून टाकू नका, कागद-पेन घेऊन बसा. लॅपटॉप, जादा मॉनिटर, पंखा, ट्यूबलाइट आणि राउटर मिळून साधारण १९० वॅट होतात. रोज ९ तास, महिन्याचे २२ दिवस धरले तर जवळपास ३८ युनिट. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी चार तास दीड टनाचा एसी लागला, तर आणखी शंभराहून जास्त.

खरी गोम टप्प्यांत आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांच्या मानाने १०१ ते ३०० या टप्प्याचा दर जवळजवळ दुप्पट. घराचा नेहमीचा वापरच शंभरी गाठत असेल, तर ऑफिसचं प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यात जातं. म्हणून सरासरी दर लावून हिशेब करू नका. घरून काम सुरू होण्याआधीचं आणि आताचं, एकाच ऋतूतली दोन बिलं शेजारी ठेवा.

मग हा आकडा कंपनीकडे न्या. हीच वीज, हेच इंटरनेट, हीच खुर्ची कंपनी ऑफिसात स्वतःच्या पैशाने देत होती. 'तुमचा जाण्यायेण्याचा खर्च वाचतो ना,' असं ऐकावं लागेल. वाचतो, पण ते पैसे तुमचेच होते. कंपनीची वीज भरायला ते राखून ठेवलेले नव्हते. मागायला लाजू नका.

पोर्तुगालने २०२१ मध्ये घरून कामाचा वाढीव खर्च मालकावर टाकणारा कायदा केला. आपल्याकडे सरसकट तसं बंधन नाही, त्यामुळे कागदावर काय लिहिलंय यालाच किंमत. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली, पण तिच्याही अटी दोघांच्या संमतीने ठरतात. त्या ठरवतानाच इंटरनेट, खुर्ची आणि कामाचे तास लिहून घ्या. फोन आणि इंटरनेटचा परतावा बिलं दाखवून घेतलेला बरा. पगारात रोख भत्ता म्हणून आला की त्यावर कर लागतो.

कंपनीचा लॅपटॉप घरी येताना त्याचा फोटो काढा आणि पोच घ्या. तो बिघडला म्हणून परस्पर पगार कापता येत नाही: नुकसान तुमच्या हयगयीने झालेलं असायला हवं आणि कपातीआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, असं वेतनाचा कायदाच सांगतो.

एकट्याने ईमेल करायला धीर होत नसेल, तर टीममधल्या चार-पाच जणांनी मिळून एचआरला लिहा. प्रत्येकाची दोन बिलं जोडा, मासिक रक्कम स्पष्ट मागा आणि उत्तर लेखीच मागवा. पुढच्या वर्षाचं बजेट ठरण्याआधी लिहिलंत तर उत्तम.